अक्षय ठेवा आणि खर्चाची वही

काशीत विश्वनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर अन्नपूर्णेचे देऊळ आहे. अठराव्या शतकात, पेशवाईच्या काळी, ते उभे राहिले. प्रत्यक्ष विश्वेश्वर जिच्या दारी भिक्षेस उभा राहतो ती ही देवी, आणि तिच्या राज्यात कोणी उपाशी निजत नाही अशी या नगरीची श्रद्धा. श्रद्धेच्या जोडीला येथे व्यवस्थाही होती. संस्थानिकांनी घातलेली अन्नछत्रे, वेदमूर्तींस लावून दिलेल्या नेमणुका, यात्रेकरूंची दक्षिणा, आणि दूरदूरच्या हुंड्या वटवून हा सारा पैसा हाती देणारे सावकार. देवावर भार टाकून राहणाऱ्या माणसाचा खर्च कोणी तरी, कोठे तरी वहीत मांडीत असतोच, ही गोष्ट काशीइतकी उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या काशीत वाढलेल्या एका मराठी शास्त्र्याने १८४८ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर मराठी ख्रिस्ती लेखकांनी जे वाङ्मय निर्माण केले त्यात धन, लोभ आणि ईश्वरावरील भरवसा हे विषय पुनःपुन्हा येतात. धर्मोपदेश म्हणून त्यांचा विचार करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. हा उपदेश प्रवचनातून सुटून संसारात उतरला तेव्हा मराठीत त्याचे काय झाले, आणि त्याचा खर्च कोणाच्या वाट्यास आला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. ठरलेल्या तारखेस वेतन घेणाऱ्या, बदलीच्या हुकुमासरशी बिऱ्हाड हलविणाऱ्या आणि निवृत्तीनंतरच्या घराचे हप्ते मनात मोजणाऱ्या आपणांसारख्या वाचकांस हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. उद्याची चिंता करू नये हे ज्यास मनापासून पटते त्यानेही भविष्यनिर्वाह निधीत पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न उरतोच.

शुभवर्तमानांतील धनविषयक उपदेश एकसुरी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. डोंगरावरील प्रवचनात पाखरांचा व रानफुलांचा दाखला देऊन अन्नवस्त्राची चिंता सोडावयास सांगितले आहे. एका श्रीमंत तरुणास सर्वस्व विकून गरिबांस वाटण्याची आज्ञा होते, आणि तो खिन्न होऊन निघून जातो. सुईच्या नाकाचा आणि उंटाचा दृष्टान्त त्याच प्रसंगाचा. जुनी कोठारे मोडून मोठी बांधण्याचा बेत करणारा शेतकरी त्याच रात्री मरतो. उलट, धन्याने सोपविलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या सेवकाची दुसऱ्या एका दृष्टान्तात कडक निर्भर्त्सना होते. निदान सावकाराकडे ठेवला असता तर व्याज तरी हाती आले असते, असे धनी त्यास ऐकवितो. पौलासारखा प्रेषित तंबू शिवून पोट भरतो, आणि पैसा नव्हे तर पैशाचा लोभ हे अनिष्टाचे मूळ, असा निर्वाळा पुढे पत्रांतून येतो. यांतून प्रत्येक पिढी आपल्या सोयीचे वेचीत आली. आसिसीच्या फ्रान्सिसने तेराव्या शतकाच्या आरंभी कडक ते वेचले. व्यापारी युरोपाने सोपविलेला पैसा वाढविण्याचे वेचले. मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये प्रॉटेस्टंट आचार आणि भांडवलशाही यांचा जो संबंध दाखविण्याचा यत्न केला, तो या दुसऱ्या वर्गाविषयी. मौज अशी की, हिंदुस्थानात हा धर्म सांगावयास एकोणिसाव्या शतकात जे पाद्री आले ते बहुधा याच व्यापारी युरोप-अमेरिकेतील संस्थांचे पगारी नोकर होते, आणि हातात पुस्तक होते ते पाखरांचे व रानफुलांचे.

भाषांतरकारांपुढेही एक पेच होता. देवाची आणि धनाची सेवा एकाच वेळी करता येत नाही, या आशयाच्या वचनात मूळचा शब्द 'मामोन' हा आहे. त्या अरामी शब्दाने धनाला जवळजवळ मूर्तीचे रूप येते. एका सेवकावर हक्क सांगणारे दोन धनी समोरासमोर उभे राहतात. मराठीत तेथे 'धन' हा शब्द आला. पण धन हा निर्जीव शब्द आहे. त्याची सेवा करीत नाहीत, ते मिळवितात. धनाला देवत्व देणारा शब्द मराठीत आहे, परंतु तो 'लक्ष्मी'. ती विष्णूची पत्नी, घरची शोभा, नव्या सुनेचे कौतुकाचे नाव. तिला देवाची प्रतिस्पर्धी कोण म्हणेल? 'लोभ' या शब्दाचीही तीच गत. षड्रिपूंत तो आहे, बायबलातील दहाव्या आज्ञेत तो आहे, आणि पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. ज्या भाषेत माया म्हणजे भ्रम, माया म्हणजे ममता आणि माया म्हणजे गाठीस बांधलेला पैसाही, त्या भाषेत धनाशी उघड वैर मांडणे सोपे नाही.

भरवशाचा शब्दसंग्रह मात्र मराठीत आयता होता. देवावर भार घालणे, देवावर हवाला ठेवणे, हे बोल आपले नित्याचे. नरसी मेहत्याची हुंडी द्वारकेच्या देवाने वटविली, ही कथा महिपतीच्या 'भक्तविजया'तून घरोघर पोहोचलेली. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही आख्यायिका तर लहान पोरासही ठाऊक. कोणापुढे हात न पसरता आपोआप येईल त्यावर राहण्यास आपल्याकडे 'आकाशवृत्ती' असा सुरेख शब्द आहे. म्हणून ख्रिस्ती उपदेशातला भरवसा मराठी मनास अपरिचित नव्हता. तो आपलाच म्हणून ओळखू आला, आणि त्यामुळेच त्याची परीक्षाही आपल्या पद्धतीने झाली: हा माणूस खरोखर आकाशवृत्तीने राहतो, की कोणाच्या नेमणुकीवर?

ही परीक्षा प्रथम नीळकंठशास्त्री गोरे यांची झाली. १८२५ साली बुंदेलखंडात जन्मलेले हे चित्पावन शास्त्री काशीत वाढले. घर सुखवस्तू आणि विद्येचे. सिगरा येथे चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. तेथील विल्यम स्मिथ यांस वादात निरुत्तर करावे या हेतूने ते त्यांच्याकडे जाऊ लागले. जॉन म्यूर यांनी १८३९ साली संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून हिंदू मताचे खंडन आरंभिले होते. त्यास गोऱ्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहून उत्तर दिले. हा ग्रंथ १९५१ मध्ये स. ल. कात्रे यांनी संपादून उज्जैनहून प्रसिद्ध केला, आणि विशीच्या उंबरठ्यावरील या तरुणाची तर्कशक्ती पाहून आजही आदर वाटतो. पण वादास गेलेला वादी परत फिरला नाही. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नेहेम्या हे नाव मिळाले, आणि पुढे 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी पूर्वी ज्या दर्शनांचा कैवार घेतला त्यांचेच खंडन केले.

या ग्रंथांत ईश्वर, जीव, कर्म, प्रमाण यांची बारीक चर्चा आहे, पैशाची नाही. आणि त्या काळी धर्मांतर करणाऱ्यावर येणारा पहिला आक्षेप तर पैशाचाच असे. पोटासाठी बाटला, एवढे म्हटले की पुढचा वाद ऐकण्याची गरज उरत नसे. गोऱ्यांकडे या आक्षेपाचे उत्तर आहे, परंतु ते त्यांच्या राहणीत आहे. १८५४ साली पंजाबचा पदच्युत महाराजा दुलीपसिंग याच्याबरोबर ते विलायतेस गेले. राजवैभव जवळून पाहण्याची ही संधी. पुढील आयुष्य त्यांनी मात्र बैराग्यासारखे काढले. १८७६ मध्ये विलायतेत 'कौली फादर्स' या मठवासी पंथात उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले तेव्हा मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. काशीच्या लोकांना हा मनुष्य चुकला असे वाटले असेल. विकला गेला असे म्हणणे अवघड होते.

परंतु वहीत आणखी एक नोंद आहे. १८५३ च्या सप्टेंबरात काशीत त्यांना कन्या झाली, आणि थोड्याच दिवसांत पत्नी वारली. आईवेगळी पोर परक्या युरोपीय कुटुंबांत वाढली. एलेन लक्ष्मी गोरे या नावाने तिने इंग्रजीत भक्तिगीते लिहिली. १८८३ मध्ये ती संग्रहरूपाने आली. पुढे ती हिंदुस्थानात परतली आणि येथेच सेवेत राहिली. तिचे एक गीत इंग्रजी बोलणाऱ्या ख्रिस्ती जगात पुष्कळ वर्षे गायिले गेले. ईश्वराच्या सान्निध्यात लपून राहण्याच्या सुखाचे ते गीत आहे. ते वाचताना, काशीत जन्मलेल्या आणि बापाच्या घरी न वाढलेल्या मुलीने ते लिहिले आहे ही गोष्ट मनातून जात नाही. बापाच्या वैराग्याचे मोल मुलीने कोणत्या नाण्यात दिले, हे तिने कोठे उघड म्हटलेले नाही, आणि आपणही तिच्या तोंडी घालू नये.

गोऱ्यांच्या एका पत्राने विलायतेत असलेल्या पंडिता रमाबाईंच्या मनातील शंका फिटल्या, असे रमाबाईंनीच पुढे सांगितले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही साखळी महत्त्वाची आहे. पण धनाच्या प्रश्नाकडे रमाबाई गोऱ्यांच्या वाटेने आल्या नाहीत. त्या आल्या बापाच्या वाटेने.

अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, उदार आणि विलक्षण हट्टी गृहस्थ. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल लोकांचा रोष त्यांनी पत्करला. गंगामूळच्या अरण्यात आश्रम मांडला. येईल त्या अतिथीस जेवू घालून मालमत्ता संपली, आणि मग हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत, पुराणे सांगत, मिळेल त्यावर राहत हिंडू लागले. आकाशवृत्तीच ती. हाती जे येई त्यातले दानात, व्रतांत, अनुष्ठानांत जाई. देव प्रसन्न होईल आणि दैन्य फिटेल ही आशा. १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत बाप गेला, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे राहिले.

१९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत एक छोटे आत्मनिवेदन प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचे मराठी 'अक्षय ठेव्याची साक्ष' असे होईल. पुस्तक प्रचारासाठी लिहिलेले आहे, आणि त्याचा उत्तरार्ध वाचताना ते विसरता येत नाही. पूर्वार्ध मात्र निराळ्या जातीचा आहे. बापाविषयी त्यात एक कटू शब्द नाही. त्यांच्या विद्येचा अभिमान आहे, त्यांच्या मरणाची वेदना आहे. आणि तरीही तेथे एक हिशेब थंडपणे मांडला गेला आहे: द्रव्य किती होते आणि कशात गेले, घरातील कोणासही हातांनी काम करून चार पैसे मिळविण्याची विद्या कशी शिकविली गेली नव्हती, भीक मागण्याची लाज आणि मजुरी करण्याची लाज या दोहोंच्या मध्ये ते कुटुंब कसे उपासमारीत अडकले. मराठी विद्वान घराण्याच्या निरिच्छतेचे इतके निर्दय आणि इतके प्रेमळ परीक्षण दुसरे आठवत नाही. आपल्या कथा-कीर्तनांतून दारिद्र्य हे भक्ताचे भूषण म्हणून येते. रमाबाईंनी भूषणाच्या आतील बरगड्या दाखविल्या.

म्हणून त्यांनी पुढे जो भरवसा धरला तो समजून घेताना बापाची आठवण ठेवावी लागते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, ते बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळीच्या दहा वर्षांच्या हमीवर. ही हमी १८९८ मध्ये सरली. ती मंडळी नव्या रूपाने पुढेही साह्य करीत राहिली, परंतु तोवर १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुलींनी केडगावचे माळरान भरून गेले होते, आणि त्यांच्या पोटास कोणाचीही हमी नव्हती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. या म्युलरने कोणाकडे वर्गणी न मागता, प्रार्थनेवर हवाला ठेवून दोन हजारांवर मुलांची अनाथगृहे चालविली. आणि आलेल्या पै-पैची नोंद छापून प्रसिद्ध केली. हिंदुस्थानातही असा भरवसा ठेवता येईल काय, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःस विचारला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्याही दोन हजारांच्या घरात गेली.

येथे बाप आणि मुलगी यांची आकाशवृत्ती वेगळी होते. केडगावास विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग बसले, छापखाना निघाला. प्रार्थनेने जे येईल ते येईल. परंतु तेथे आलेली मुलगी हातांनी काम करावयास शिकल्याशिवाय राहत नसे. गंगामूळच्या आश्रमात जे नव्हते ते केडगावास पहिल्या दिवसापासून होते. रमाबाईंच्या ख्रिस्ती भरवशाचा मराठी विशेष कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही ग्रंथांपेक्षा त्या विहिरींकडे बोट दाखवू.

याचा अर्थ सारे निर्मळ होते असा नव्हे. प्रार्थनेने येणारे हे धन शेवटी सातासमुद्रांपलीकडील वर्गणीदारांचे होते, आणि तेथील श्रद्धाळूंस हिंदुस्थानच्या उपाशी मुलींच्या कथा ऐकावयाच्या होत्या. भुकेल्याच्या हाती भाकरी आणि पुस्तक एकाच वेळी ठेवले की, त्याने पुस्तक कशासाठी घेतले हे देणाऱ्यासही सांगता येत नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मप्रभावावरून रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले, ते काही निव्वळ कर्मठपणाने नव्हे. हा आक्षेप रमाबाईंच्या पुस्तकाने फिटत नाही. आणि वहीत येथेही एक नोंद आहे: कन्या मनोरमा. आईच्या कामाचा भार तिने उचलला आणि १९२१ च्या जुलैत, आईच्या आधी, ती गेली.

नारायण वामन टिळकांकडे येताना हवा बदलते. रमाबाई कार्यकर्त्या, टिळक कवी, आणि धनाच्या बाबतीत कवी या शब्दास जे जे चिकटते ते सारे त्यांच्यात होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामात राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आणि 'अभंगांजली' वाचणाऱ्यास ते पटते. भाव तोच, लडिवाळपणा तोच, शरण जाण्याची ओढ तीच. परंतु एक गोष्ट तुकोबांकडून टिळकांनी उचलली नाही. तुकोबांच्या अभंगांत दुकान आहे. दुष्काळ आहे, मोडलेला धंदा आहे, देणेकऱ्याची लाज आहे, घरातील स्त्रीचे टोचून बोलणे आहे. ईश्वरावरील भरवसा तेथे या सर्वांस धक्के देत वर येतो, म्हणून तो आपणांस खरा वाटतो. टिळकांच्या भक्तिकाव्यात दुकान नाही, वाण्याची उधारी नाही. मन एकदम देवापाशी पोहोचते, आणि वाटेत बाजार लागत नाही. हे काव्य गोड आहे. पण धन आणि भरवसा या प्रश्नावर त्याची साक्ष अपुरी पडते.

ती साक्ष घरातून आली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. (माहेरी या बाईंचे नाव मनकर्णिका, काशीकरांस हे ऐकून बरे वाटेल.) या ग्रंथाची थोरवी मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. त्यातील विनोद, निर्व्याजपणा, बोलभाषेची चाल यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांस येथे त्याकडे दुसऱ्याच बाजूने पाहावयाचे आहे. देवावर हवाला ठेवणाऱ्या पुरुषाबरोबर संसार केलेल्या स्त्रीने लिहिलेला तो खर्चाचा ग्रंथ आहे. जिजाईने लेखणी हाती घेतली असती तर जे लिहिले असते, ते येथे लिहिले गेले आहे.

टिळकांच्या हातास पैसा चिकटत नाही. बाजारात पाठवावे एका वस्तूसाठी आणि परतावे त्यांनी दुसरीच घेऊन. आले त्याला घरात ठेवून घ्यावे, मागितले त्याला द्यावे, आणि मनात आले की उठून चालू लागावे. मागे चूल कशी पेटेल हा विचार त्यांच्या मनास शिवत नाही. डोंगरावरील प्रवचन जणू त्यांच्या स्वभावातच होते, बाप्तिस्म्याच्या आधीपासून. आणि पाखरे पेरीत नाहीत हे खरे असले, तरी पाखरांच्या घरी पाहुणे येत नाहीत. लक्ष्मीबाई हे असे कोठे म्हणत नाहीत. त्या नुसती हकीकत सांगतात. आज घरात काय होते, किती माणसे होती, काय केले. त्यांची वाक्ये आखूड, विशेषणे जवळजवळ नाहीत. नवऱ्यास त्या साधू ठरवीत नाहीत आणि वेडाही ठरवीत नाहीत. राग आला तेथे राग आला म्हणून सांगतात, आणि पुढच्याच वाक्यात हसतात. निर्णय राखून ठेवण्याची ही कला त्यांना कोणी शिकविली नव्हती. अक्षरओळखही त्यांची बेताची. पण प्रपंचातील रोजच्या ताळेबंदाने मन जेवढे सावध होते तेवढे ते झाले होते.

या ग्रंथाचा खरा नाट्यविषय टिळकांचे धर्मांतर हा नसून लक्ष्मीबाईंचे परिवर्तन हा आहे, असे आमचे मत आहे. धर्मांतरानंतर काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग एकत्र आल्या तरी सोवळे सांभाळून. जातिभेद हा माणसांनी केलेला आहे हे एके दिवशी त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा भाग प्रसिद्ध आहे. त्यापेक्षा हळू, आणि कमी लक्षात येणारी अशी दुसरी एक गोष्ट पुढील पानांतून घडत राहते. अनाथ मुले घरी आणण्याची जी खोड टिळकांची म्हणून आधी त्यांना जाचत होती, ती पाहता पाहता त्यांचीच होते. दुसऱ्याच्या लेकरास पोटाशी धरताना घरात दाणे किती हे विचारणाऱ्या बाई, पुढे लेकरू आधी घेतात आणि दाण्यांची विवंचना मागाहून करतात. पण विवंचना करतात! ती सुटत नाही. टिळकांच्या भरवशात आणि लक्ष्मीबाईंच्या भरवशात हाच भेद आहे. टिळकांना उद्याची चिंता नव्हतीच. लक्ष्मीबाईंनी ती वागविली आणि वागवीत असतानाच दार उघडे ठेवले. अधिक कठीण कोणते, हे संसार केलेल्या वाचकास सांगावे लागू नये.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. साताऱ्यास जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, ही कल्पना. वय छप्पन्नच्या घरात. आपल्यापैकी ज्यांनी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी निवृत्तिवेतनाचे आकडे मांडून पाहिले असतील त्यांना या निर्णयाचे वजन कळेल. टिळक ख्रिस्ती धर्म सोडीत नव्हते. परदेशी संस्थेच्या पगारावर राहून सांगितलेला ख्रिस्त हिंदी माणसाच्या कानात शिरत नाही, असे त्यांना वाटू लागले होते. गोऱ्यांना काशीत जो आक्षेप भोवला असेल त्याचेच हे जवळजवळ सत्तर वर्षांनी दिलेले उत्तर. आकाशवृत्तीच्या कसोटीस ख्रिस्ती माणसाने आपखुशीने उभे राहण्याचा असा प्रसंग मराठीत दुसरा नाही, आणि तो कवीच्या हातून घडला याचा वाङ्मयाने अभिमान बाळगावा. दीडदोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक वारले. त्यामुळे हा प्रयोग दीर्घकाळ टिकला असता काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. संन्यासी झालेल्या पुरुषाच्या घराचा खर्च कोणी चालवावयाचा, हा त्याच्या पोटातील प्रश्नही तसाच.

या साऱ्या वाङ्मयाची एक उणीव सांगितली पाहिजे. येथे लोभाचा विचार होतो तो आपल्या मनातील लोभाचा. दुसऱ्याच्या लोभाने जो नाडला जातो त्याची बाजू फारशी येत नाही. शुभवर्तमानात श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराची कथा आहे. श्रीमंताने त्यास मारले नाही, हाकलले नाही, नुसते पाहिले नाही, आणि तेवढ्यासाठी तो नरकात जातो. सावकार, जमीनदार, सरकार आणि मिशनच्या स्वतःच्या जमिनी यांस हा दृष्टान्त लावून पाहण्याचे धैर्य या लेखकांत अभावानेच दिसते. तो आसूड मराठीत ज्याने ओढला ते जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते आणि ख्रिस्ती झाले नाहीत. १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' आणि केडगावच्या विहिरी यांचा एकत्र विचार कोणी केला तर दोन्हींवर नवा प्रकाश पडेल. येथे तेवढी जागा नाही.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचा पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. नवऱ्याची आणखी एक अर्धवट राहिलेली जबाबदारी त्यांनी अशी उचलली, आणि 'स्मृतिचित्रे'चे प्रकाशन चालू असतानाच, १९३६ मध्ये, त्या गेल्या. रमाबाईंचेही अखेरचे काम भाषेचेच. उपलब्ध मराठी बायबलाची भाषा केडगावच्या बायकांस जड जाते, आणि तिच्यातील कित्येक शब्द जुन्या दर्शनांचा अर्थ सांगत बसतात, असे पाहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथाचे साध्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविणाऱ्या तेथील बायकाच होत्या.